वसतिगृहातली रात्र, ‘बसणे’ आणि पाचवे शील

तालुक्याच्या गावातले कॉलेज संध्याकाळी सहाला रिकामे होते. आसपासच्या खेड्यांतली मुले शेवटची एसटी पकडून घरी जातात. वसतिगृहात आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुले मागे उरतात. आठला मेसचे जेवण आटोपते, नऊला बाजारपेठेची शटर खाली येतात. कॉलेजचे ग्रंथालय पाचलाच बंद झालेले असते. त्यानंतर गावात उघडी असणारी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी : स्टँडवरची चहाची टपरी, हायवेवरचा ढाबा, परमिट रूम आणि कोणाच्या तरी खोलीची गच्ची. मोठ्या शहरात रात्र घालवायला दहा जागा असतात. इथे चार, आणि त्यांतल्या तीन ठिकाणी बाटली उघडली जाते. म्हणूनच अशा गावात ‘बसायचं का?’ या दोनच शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. दारू वाईट, पिऊ नका, एवढे सांगून विषय संपत असता तर तो केव्हाच संपला असता. आपल्या घरांतली जी मुले आज वसतिगृहात आहेत, त्यांतली अनेक घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. एका रात्रीच्या अपघाताने त्या घराची एक पिढी मागे जाते. तेव्हा शीलाचे बोलू, पण त्याबरोबर शरीराचेही बोलू, आणि रात्री करण्यासारखे दुसरे काय आहे तेही पाहू.

आधी हे मान्य करू की मुलगा दारूसाठी म्हणून पार्टीला जातो असे फार क्वचित घडते. तो सोबतीसाठी जातो. नव्या गावात, नव्या वर्गात आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो क्षणभर बदल होतो, तो आपल्या मुलांना चांगला ओळखता येतो. गच्चीवरच्या गोल बैठकीत मात्र सगळे ‘भाई’ असतात. एकाच प्लेटमधले शेंगदाणे सगळे खातात, गळ्यात हात पडतात. ही जवळीक खरी वाटते आणि तिची भूकही खरी असते. पण ग्लासातून आलेली बरोबरी सकाळी मेसच्या टेबलावर किती टिकते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला आम्ही वेगळे सांगायला नको.

बुद्धवचनात याविषयी जे आहे ते आजही जुने झालेले नाही. राजगृहाजवळच्या वेळुवनात सिगाल या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत : पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. यात परलोकाची भीती कुठेही नाही. सहाही गोष्टी याच आयुष्यातल्या, डोळ्यांनी दिसणाऱ्या. त्याच सुत्तात अवेळी रस्त्यांवर भटकण्याचे आणि सतत तमाशे-जलशांच्या मागे फिरण्याचे तोटे वेगळे सांगितले आहेत. पिण्यात, भटकण्यात आणि जुगारात तेवढी साथ देणारा तो मित्र नव्हे, असेही बजावले आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या तरुणांपुढेही ‘रात्री काय करायचे’ हा प्रश्न होताच.

विनयपिटकातली सागत भिक्खूची हकिगत तर प्रत्येक वसतिगृहात सांगावी अशी आहे. सागताने एका कठीण प्रसंगी मोठे धैर्य दाखवले होते. त्यामुळे कोसंबीच्या लोकांना त्याचे फार कौतुक. त्याचा सत्कार कसा करावा, असे त्यांनी विचारले, आणि काही उनाड भिक्खूंनी त्यांना दारूचे नाव सुचवले. मग घरोघरी तयारी झाली. सागत ज्या दारात गेला तिथे त्याने थोडी थोडी घेतली आणि शेवटी नगराच्या वेशीपाशी कोसळला. भगवान तिथून जात होते. त्यांनी भिक्खूंना सांगितले, याला उचला. त्याला विहारात आणून निजवले. त्यानंतर मद्यपानाविरुद्धचा नियम घालून दिला गेला.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी आम्हांला महत्त्वाच्या वाटतात. एक, सागत व्यसनी नव्हता. त्याला कौतुकाने पाजले गेले, प्रत्येकाने थोडीच दिली. वाढदिवसाच्या मुलाला प्रत्येक मित्र ‘माझ्याकडून एक’ म्हणतो, तेव्हा नेमके हेच घडते. दुसरी, नियम नंतर आला. आधी त्याला उचलून आणले गेले. वेशीवर पडू दिले नाही.

आता हिशेबाकडे वळू. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर, म्हणजे वजनाने ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या कडक बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर त्यात ४१ ग्रॅम. म्हणजे दीड बाटली बिअर आणि एक क्वार्टर यांत शरीराच्या दृष्टीने काहीच फरक नाही. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या मुलाने दोन बाटल्या संपवल्या तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो.

यकृत हे अल्कोहोल ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम या वेगाने मोडते. त्याला घाई करता येत नाही. लिंबू-पाणी, काळी कॉफी, ताक, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. कॉफीने झिंगलेला माणूस जागा होतो, शुद्धीवर येत नाही. क्वार्टर उतरायला सहा ते नऊ तास लागतात, आणि अंगाने किरकोळ मुलाला किंवा मुलीला बहुधा नऊच्या जवळ किंवा त्याहूनही जास्त. रात्री बाराला संपवलेली क्वार्टर सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला दुचाकीवरून निघालेल्या मुलाच्या रक्तात अजून असू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हायवेच्या ढाब्यावरून तिघे एका गाडीवर परत येतात तेव्हा पोलिसापेक्षा मोठे संकट समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर असतो, ज्याच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. कायद्याचेच बोलायचे तर महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ वर्षे वय लागते, शिवाय परवानाही लागतो. पदवीच्या वर्गातला जवळजवळ कोणीच यात बसत नाही.

अभ्यासाचा मुद्दा मुले स्वतःच काढतात : ‘पेपर संपल्यावरच घेतो.’ पण दारूने लागलेली झोप ही पुरी झोप नसते. पहिले काही तास गाढ जातात, उत्तररात्री ती तुटत राहते, आणि दिवसभर वाचलेले पक्के बसण्यासाठी मेंदूला जी स्वप्नांची झोप लागते तीच कमी होते. ‘काल रात्रीचे मला काहीच आठवत नाही’ हे हसत सांगितले जाते. ती मेंदूने आठवणी नोंदवणे बंद केल्याची खूण आहे. मेंदूचा विचार आणि संयम सांभाळणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हेही लक्षात असू द्यावे.

सर्वांत जास्त जीव ज्या वाक्याने जातात त्याकडे आता येतो. ते वाक्य आहे : ‘झोपू दे त्याला, सकाळी ठीक होईल.’ पिणे थांबले तरी पोटात उरलेली दारू रक्तात उतरत राहते. म्हणजे आडवा झाल्यानंतरही अर्धा-एक तास त्याची अवस्था बिघडतच जाऊ शकते. उताणा झोपलेल्याला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, कारण ठसका लागून जाग येण्याची शरीराची सवय दारूने बधिर केलेली असते. जेवण टाकून पिणाऱ्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते, आणि मेसचे पैसे वाचवून ‘कॉन्ट्री’ भरणारी मुले नेमकी उपाशी पोटीच बसतात. थंडीच्या दिवसांत गच्चीवर सोडून दिलेला मुलगा गारठतो, आपण गारठतो आहोत हे त्याला कळतही नाही.

म्हणून प्रत्येक खोलीत निदान एकाला हे यावे. हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढून तो जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ-नखे निळसर, अंग गार आणि ओलसर, झटका येणे, बेशुद्धीत उलटी. यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा, ११२ हाही क्रमांक आहे. गाडी येईपर्यंत त्याला डाव्या कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा म्हणजे तो उताणा होणार नाही. वरच्या हाताचा तळवा गालाखाली, हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर पडेल. घशात बोटे घालून उलटी काढू नका. पाणी, ताक, काहीही पाजू नका. त्याला एकटे सोडू नका. दवाखान्यात गेल्यावर काय, किती आणि केव्हा घेतले ते खरे सांगा. झोपेची गोळी किंवा खोकल्याचे औषध सोबत घेतले असेल तर ते आधी सांगा, कारण दारू आणि ही औषधे दोन्ही श्वास मंदावतात, आणि एकत्र आल्यावर तो थांबूही शकतो.

मुले हे सगळे लपवतात ती रेक्टरच्या भीतीने. नाव कटेल, शिष्यवृत्ती जाईल, घरी फोन जाईल. वसतिगृहांचे जे अधीक्षक आणि शिक्षक हे पान वाचत असतील त्यांना आमची विनंती आहे की, जो मुलगा मित्राला घेऊन दारात येईल त्याला त्या रात्री एकही प्रश्न विचारू नका. गाडी काढा. चौकशीला सकाळ आहे.

विषारी दारूबद्दल थोडेच, पण ठळकपणे. स्वस्त मिळते म्हणून घेतलेल्या हातभट्टीच्या किंवा बनावट दारूत मिथेनॉल असू शकते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे याने गेली. मिथेनॉलची मेख अशी की सुरुवातीला ती साधी नशाच वाटते. बारा ते चोवीस तासांनी पोट दुखते, दम लागतो आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसते. दुसऱ्या दिवशी असे झाले तर उतारा म्हणून आणखी एक पेग घेत बसू नका, थेट जिल्हा रुग्णालयात जा. तासांवर डोळे आणि जीव अवलंबून असतात. सोबत बसलेल्या सगळ्यांना घेऊन जा, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही. वर्धा (१९७५ पासून) आणि गडचिरोली (१९९३ पासून) या दारूबंदीच्या जिल्ह्यांत शिकणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण तिथे चोरून मिळते त्या बाटलीत काय आहे याची हमी कोण देणार?

पार्टी म्हणजे फक्त दारू नव्हे, डीजेही आहे. इथे आम्ही आपल्या जयंतीच्या मिरवणुकांनाही वगळत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे धरतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत अर्धी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. डीजेच्या भिंतीसमोर नाचणारा पोरगा तिथे तीन-तीन तास असतो. आतल्या कानातल्या ज्या नाजूक केसपेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर कानात शिटी वाजत राहते, ती त्या पेशींची तक्रार असते. औषधाच्या दुकानात स्पंजचे इअरप्लग मिळतात, ते घालून नाचण्यात कसलीही लाज नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मळ असेल म्हणून तेल घालू नका, दोन-तीन दिवसांच्या आत कानाच्या डॉक्टरकडे जा, उशीर झाला तर उपचार लागू पडण्याची शक्यता कमी होते. लेसरच्या झोताकडे बघू नका. मिरवणुकांत लेसरने दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

मध्यरात्रीचे वाढदिवस हा वेगळाच प्रकार. पेटत्या मेणबत्त्यांवर फेसाचा फवारा मारतात. त्यातला वायू ज्वालाग्राही असतो आणि चेहरा भाजतो. लाथा-बुक्क्यांनी वाढदिवस साजरा करताना पोटात बसलेल्या लाथेने प्लीहा फाटू शकते. आणि नव्या मुलांना बळेच पाजणे ही गंमत नव्हे, ते रॅगिंगच आहे. त्यासाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

मुलींचा प्रश्न बहुतेक लेखांत शेवटी एका ओळीत उरकतात. त्यांचे फाटक सातला बंद होते म्हणून त्या सुरक्षित, असे समजले जाते. आम्हांला तसे वाटत नाही. मुलींना सातला कोंडून मुलांना बारापर्यंत मोकळे सोडले की गावाची रात्र फक्त मुलांची होते, आणि मग त्या रात्रीत बाटलीशिवाय दुसरे काही उगवत नाही. मुलींना वाचनालयात, गाण्याच्या तालमीला, कार्यक्रमाला जाता यावे आणि परत पोचवण्याची व्यवस्था असावी. ज्या स्नेहसंमेलनाला मुली आणि शिक्षक शेवटपर्यंत थांबतात, ते बहुधा नीट पार पडते. बाहेरच्या कार्यक्रमात मुलींनी आपला ग्लास नजरेआड झाला तर तो पुन्हा उचलू नये, एकीने दुसरीला मागे सोडून निघू नये. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक पाठ असावा. आणि नशेत असलेल्या मुलीची संमती ही संमती नव्हे, हे मुलांना सांगावे लागते. तिसरे शील पाचव्याच्या सोबतीला उगाच नाही.

मग रात्री करायचे काय? रात्र जागवणे आपल्या लोकांना नवे नाही. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गाण्यांपर्यंत आपली चळवळ रात्रीच वाढली. दिवसभर राबलेली माणसे कंदिलाच्या, पेट्रोमॅक्सच्या उजेडात पहाटेपर्यंत बसत. ‘बसणे’ हा शब्द तेव्हाही होता, मध्यभागी ढोलकी असायची. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक विद्यार्थ्यांनी उभे केले, त्याच्या तालमी काही दुपारच्या सुट्टीत झाल्या नसतील. स्वतः बाबासाहेब दारूला शिवत नसत, पण कलेला नाही म्हणत नसत. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते.

आज एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि पाच गाणारी मुले असली तर गायन पार्टी उभी राहते. फार खर्च नको, दर शनिवारी एक जागा हवी. कॉलेजचा प्रोजेक्टर रविवारी पडूनच असतो. ‘फँड्री’ पाहून वीस मुले एकत्र बोलायला बसली तर रात्रीचे दोन कसे वाजतात ते कळत नाही, आणि आडनावाचा जो विषय गच्चीवर दारूत बुडवला जातो तो इथे उघड बोलता येतो. दिव्यांखालचा व्हॉलीबॉल आहे. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या रात्री गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध आटवता येते. गच्ची तीच, मंडळीही तीच. रात्रभर चालणारी अभ्यासिका काढली तर तिथे बाराला चहा आणि तर्री-पोहे हवेतच. नुसत्या शिस्तीवर तरुण मुले थांबत नाहीत.

नकार कसा द्यावा, हेही मुले विचारतात. ‘औषध चालू आहे’, ‘गाडी चालवायची आहे’ या सबबी एक रात्र निभावतात, पुढच्या वेळी ‘आज तर औषध नाही ना?’ असा प्रश्न येतो. आम्हांला सोपे वाटते ते ‘मी घेत नाही’ एवढेच, हसत, एकदाच, कारण न देता. दुसरा ‘मी पण नाही’ म्हणणारा बैठकीत बहुधा असतोच, तो पहिल्याची वाट पाहत असतो. घेतल्याशिवाय राहवत नाही असे ज्याला वाटू लागले असेल त्याने १४४४६ या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर बोलावे, मन खचले असेल तर १४४१६ वर. दोन्ही मोफत आहेत.

गावोगावच्या विहार समित्यांकडे आमचे एक साधे मागणे आहे. बहुतेक विहारांना संध्याकाळच्या वंदनेनंतर आठला कुलूप लागते. त्या कुलपाची एक किल्ली जवळच्या वसतिगृहातल्या दोन जबाबदार मुलांकडे आणि दोन मुलींकडे द्यावी. शनिवारी बारापर्यंत दिवा, पंखा आणि सतरंजी वापरू द्यावी, आणि महिन्याला वीज बिलात पन्नास-शंभर रुपये वाढले तर ते वर्गणीतून भरावेत. ढोलकी बहुतेक विहारांत असतेच, तिला फक्त ओढ द्यावी लागेल.